धाब्यावरचा हात

फिर्याद भुताविरुद्ध होती, म्हणून शिपाई लोटनने ती लिहून घ्यायला साफ नकार दिला.

"आधी कलम सांग. मग लिहितो," तो म्हणाला.

चिंधा पोलीस ठाण्याच्या ओट्यावर उकिडवा बसला होता. शेजारी त्याचे गाठोडे आणि काठी. रुपचंदशेठच्या लाकडाच्या वखारीची रखवाली सोडून तो निघाला होता. गावी परतण्याआधी जे पाहिले ते सरकारच्या कानावर घालावे, एवढीच त्याची इच्छा होती.

"शेठना घरना धाबावर बाई दिसस, साहेब," तो आत बसलेल्या फौजदाराला म्हणाला. "भर दुपारले. तोंड पांढरं फक्क."

"कोणती बाई?"

"मैना. शेठनी ती बरमानी बाई. पयले घर्र घर्र आवाज येस, दगडवर काही घासावा तसा. मंग ती कठड्यामांगे उभी ऱ्हास आणि हात हालावस. माले बलावस, साहेब."

फौजदार नूर महंमदने टाक खाली ठेवला. "मैना पळून गेली अशी तुझ्या शेठची फिर्याद आहे. पोरीचे सोन्याचे वाळे घेऊन. पळालेल्या बाईचं भूत कसं होईल?"

चिंधाने गाठोडे जवळ ओढले.

"जित्ती बाई तशी दिसस का?" तो म्हणाला.

लोटन हसला. नूर महंमद हसला नाही. फिर्याद आल्यापासून वाळे कुठे आहेत हे सर्वांनी विचारले होते. बाई जिवंत आहे का, हे कुणीच विचारले नव्हते. त्यानेही नाही.

तो धुळ्याच्या विणकराचा मुलगा. पुण्याला रसायनशास्त्र शिकला आणि लढाई सुरू झाल्यावर पोलिसात आला. प्रयोगशाळेतली एक सवय मात्र सुटली नव्हती. पाहिलेली गोष्ट आणि ऐकलेली गोष्ट तो कधी एका नळीत ओतत नसे.

आतापर्यंत त्याच्याजवळ सगळे ऐकलेलेच होते. रुपचंदशेठ अर्धे आयुष्य ब्रह्मदेशात, मौलमेनला, सागवानाचा व्यापार करत होता. जपानी आले तेव्हा बायको द्रुपदा, मुलगी जमना आणि मुलीला सांभाळणारी तिथली बाई, यांना घेऊन तो डोंगरातून पायी निघाला. द्रुपदा वाटेत पटकीने गेली. जमना त्या बाईच्या पाठीवर बसून हिंदुस्थानात आली. बाईचे खरे नाव जळगावच्या घराला उच्चारता येईना, म्हणून घराने तिचे नाव मैना ठेवले. तिचा देश आता शत्रूच्या हातात होता. परत जायला वाट नव्हती आणि इथे तिचे कोणी नव्हते.

"अशी बाई पळून जाणार कुठे?" नूर महंमद म्हणाला.

लोटनने उत्तरादाखल टोपी डोक्यावर चढवली.

चिंधाला बरोबर घेऊन ते निघाले. वखार आणि घर एकाच आवारात होते. फाटकाशी दोन बाया रिकामी पोती घेऊन उभ्या होत्या. शेगडीत जाळायला करवतीचा भुसा न्यायला त्या नेहमी येत.

"आज बी नही?" एकीने चिंधाला पाहताच विचारले.

"शेठनी सांगेल शे. भुसा बंद."

"मंग शेगडीमा काय मन्हा हाडं घालू?" ती फणकारली आणि पोते खांद्यावर टाकून चालू लागली.

"भुसा का बंद?" नूर महंमदने विचारले.

"बठ्ठा भुसा धुळाले वीटभट्टीले देवाना शे म्हने. सोमवारपाशी भुसाना खड्डाले हात लावू देत नही."

आत, फाटकापासून घराकडे जाणाऱ्या वाटेवर, माणसाच्या डोक्याच्याही वर एक दोरी आडवी बांधलेली होती. तिच्यावर दोन धोतरे आणि एक अनोळखी वस्त्र वाळत होते. लुंगीसारखे, शिवून गोल केलेले. जांभळ्या रेशमात हिरव्या नागमोडी लाटा, आणि कमरेच्या बाजूला काळ्या सुती कापडाची पट्टी. विणकराच्या मुलाचे पाय आपोआप थांबले. अशी वीण त्याने कधी पाहिली नव्हती. त्याने कड चाचपली. कापड उन्हाने कडक झाले होते, म्हणजे बरेच दिवस ते तिथेच होते.

"मैनाचं," चिंधा हळूच म्हणाला आणि फाटकाबाहेरच उभा राहिला.

रुपचंदशेठ लगबगीने पुढे आला. पस्तिशीचा, सडपातळ, थकलेल्या डोळ्यांचा माणूस. "या फौजदारसाहेब. वाळे मिळाले का?"

नूर महंमद दोरीखालून वाकून गेला. लोटनच्या टोपीला ते वस्त्र घासले. शेठ मात्र वाट सोडून बाजूला उतरला आणि गुरांच्या हौदाभोवतीच्या चिखलातून, नवे जोडे भरवत, वळसा घालून ओट्यावर आला.

"सोवळं भारी दिसतंय," लोटन कुजबुजला.

नूर महंमदलाही तसेच वाटले. पण चहा आला तेव्हा शेठने त्याच्या शेजारी बसून, त्याच तबकातला पेला उचलला. त्या काळी जळगावात पुष्कळ घरांत मुसलमान फौजदारासाठी वेगळी कपबशी निघे.

"मैना शेवटची कुणी पाहिली?"

"मी आणि अक्काने. सोमवारी सकाळी मी धुळ्याच्या गाडीला निघालो, तेव्हा ती त्या दोरीवर कपडे वाळत घालत होती. दुसऱ्या दिवशी परतलो तर ती नाही आणि वाळेही नाहीत."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"या डोळ्यांनी. तेच वस्त्र वाळत घालत होती, ते जांभळं."

"धुळ्याला काय काम होतं?"

शेठ जरा घुटमळला. "लग्न ठरतंय माझं. पोरीला आई हवी. परवा जमनाला घेऊन तिकडेच जाणार आहे. इथे तिच्या मनावर परिणाम होतोय. बोलत नाही, जेवत नाही."

यशोदाबाई, म्हणजे शेठची थोरली विधवा बहीण, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. घर तिच्या हातात होते. सगळे तिला अक्का म्हणत.

"अक्का, मैना कशी होती?"

"कामाला वाघीण. खोटं कशाला बोलू? पण परकी ती परकी. सकाळी उठून तोंडाला पांढरा लेप फासायची. तनाखा म्हणायची त्याला. तिकडच्या झाडाचं लाकूड. सहाणेवर उगाळत बसायची, घर्र घर्र. शेजारच्या बाया घाबरायच्या."

"ते लाकूड कुठे आहे?"

"घेऊन गेली असेल. एवढासा तुकडा उरला होता, जिवापाड जपायची."

"आणि सहाण?"

अक्का गोंधळली. "सहाण घरची होती. तीही दिसत नाही."

"म्हणजे चोरीचं सोनं घेऊन पळणाऱ्या बाईने दगडही उचलून नेला?"

अक्काने शेठकडे पाहिले.

"सोमवारी सकाळी तुम्हीही पाहिलंत तिला?"

"हो. कपडे वाळत घालताना." अक्काने पदर सारखा केला. "पोरीने तर हायच खाल्ली, साहेब. रविवारपासून माझ्या कुशीत निजते. झोपेत दचकते, हात हलवते."

"जमनाशी बोलू?"

"ती बोलत नाही म्हटलं ना," रुपचंदशेठ म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला.

मैनाची जागा गोठ्याला लागून होती. एक चटई, पत्र्याची पेटी, शिंगाचा कंगवा. पेटीत दोन सदरे, एक जुनी लुंगी, आणि जमनाच्या मापाची, अर्धवट शिवलेली तसलीच एक चिमुकली लुंगी. सुई अजून कापडात टोचलेली होती.

नूर महंमदने ती सुई काढली नाही. पेटी तशीच बंद केली.

गोठ्यामागे दोन खुंट्यांना एक सुतळी बांधली होती. जमिनीपासून जेमतेम गुडघ्याइतकी. त्याने चिंधाला आवाज देऊन आत बोलावले. चिंधा आला, पण धाब्याकडे पाठ करून उभा राहिला.

"ही दोरी कसली?"

"तिनीच. कपडा वाळाडानी. आम्ही हासूत, सांगूत, बकरीना कपडा शेतस का? पन ती ऐके नही. एकदाव तिनं गाठोडं मी डोकावर उचलं ना, तर बाई रडकुंडीले उनी. हातमाईन हिसकी लिधं. कानले हात लाई माफी मांगाले लागनी. मन्ही!"

"गाठोड्यात काय होतं?"

"धुनं. तिना त्या लुंग्या."

नूर महंमद सुतळीकडे पाहत राहिला. तिच्यावर मधोमध, वर्षभराच्या वापराने, जांभळ्या रंगाचा फिकट डाग पडला होता. उंच दोरी मात्र पांढरी स्वच्छ होती.

ते बाहेर आले तेव्हा फाटकासमोर, कडुलिंबाखाली, एक म्हातारी बसलेली दिसली. अंगावर धुवट लुगडे, मांडीवर केळीच्या पानात बांधलेली पुडी. फाटक उघडले की ती मान उंचावून आत पाहत होती.

"कोण आई तुम्ही?"

"भागाबाई. फैजपूरची. द्रुपदा माही लेक." तिने पुडी छातीशी धरली. "नातीसाठी लाडू आनले. मले आत येऊ देत नही. सोमवारपासून येते आन् जाते."

"सोमवारी का आलात?"

"तिनं बलावलं म्हनून. त्या बरमाच्या बाईनं."

नूर महंमद तिच्यासमोर जमिनीवर बसला. लोटनही मग नाइलाजाने बसला.

"नीट सांगा, आई."

"बाजाराच्या दिवशी आल्ती मी. म्हटलं, माह्या लेकीचं शेवटी काय झालं, तिनं पानी मागितलं का, कोनाचं नाव घेतलं, कोनी तरी सांगा. जावई सांगे, मांडीवर गेली, नदीकाठी दहन केलं. बस्स, एवढंच. ती बाई माह्या पायाशी येऊन बसली. तिले आपली बोली येत नही. जमनाले मधी घालून सांगाले लागली. पोरगी म्हने, आजी, ही मा म्हनते, आई... तेवढ्यात यशोदाबाईनं पोरीले उचलून आत नेलं."

"मग?"

"मंग तिनं असं केलं."

भागाबाईने हात समोर लांब केला. तळवा खाली. बोटे मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"मले वाटलं, परत ये म्हनते. मी म्हटलं, सोमवारी येते व बाई. यशोदाबाईच्या समोरच म्हटलं."

ऊन टळटळीत होते, तरी लोटनने अंगावर काटा आल्यासारखे खांदे आवळले. "साहेब, चिंधा म्हणतो ते भूतसुद्धा..."

"ऐकलं मी," नूर महंमद म्हणाला.

दुपारी ओंडके कापणारे करवत्ये जेवायला गेले. अक्का घरात आडवी झाली होती. शेठ वखारीच्या पेढीवर होता. आवारात इतकी शांतता पसरली की सागाच्या ओंडक्यांतून उन्हाने तडकणाऱ्या चिरा ऐकू येत होत्या.

आणि मग तो आवाज आला.

घर्र. घर्र. थांबून पुन्हा, घर्र.

लोटनने नूर महंमदचा दंड धरला. वर, मातीच्या धाब्यावर, कुणीतरी अगदी संथपणे, जणू सगळी दुपार हाताशी आहे अशा बेताने, दगडावर काहीतरी उगाळत होते.

"मी खाली थांबतो," लोटन म्हणाला. "कुणी पळालं तर धरायला."

"भूत शिडीने पळतं का?"

"माहीत नाही, साहेब. म्हणूनच थांबतो."

नूर महंमद शिडी चढला. डोके धाब्याच्या वर आले तेव्हा आवाज थांबला. कठड्याशी एक आकृती पाठमोरी उभी होती. दूरवर शेतांतून जाणाऱ्या पांढऱ्या रस्त्याकडे तोंड करून तिने हात लांब केला होता. तळवा खाली. बोटे मिटत होती, उघडत होती, मिटत होती.

ती वळली. चेहरा पांढरा फक्क. गालांवर लेप वाळून भेगाळला होता आणि त्यातून दोन काळे डोळे त्याच्याकडे रोखलेले होते.

क्षणभर त्याचे सगळे शिक्षण शिडीच्या खालच्या पायरीवर राहिले.

मग त्याच्या लक्षात आले की ती आकृती विटांच्या चवडीवर उभी होती. तिची उंची पाच वर्षांच्या मुलीइतकी होती.

"जमना?" तो म्हणाला.

ती हलली नाही. कठड्याच्या सावलीत सहाण होती, तांब्यात पाणी होते आणि बोटभर उरलेला लाकडाचा तुकडा. चंदनासारखा, पण वास वेगळा, ओल्या सालीचा. बारीक बोटांना तो नीट धरता येत नव्हता, म्हणून उगाळताना नखे झिजली होती.

तो तिथेच मांडी घालून बसला. मग त्याने बोट लेपात बुडवले आणि स्वतःच्या गालावर एक रेघ ओढली. "थंड आहे," तो म्हणाला.

"मा न्यो लावते," मुलगी म्हणाली. आवाज न वापरल्यामुळे घोगरा झाला होता. "मैना नाही. मा न्यो."

"मा न्यो. बरोबर." त्याने नाव दोनदा हळू उच्चारले. "आणि तू कुणाला बोलावतेस?"

"कुणाला नाही. आई अशी करत होती."

"कुठे?"

"रस्त्यावर. झाडाखाली बसून. बाबा म्हणाले, मागे बघू नको." तिने पुन्हा रस्त्याकडे पाहिले. "मा न्यो बघत होती. म्हणून मला दिसली. मा न्योच्या पाठीवरून सगळं दिसतं."

नूर महंमदने लगेच काही केले नाही. त्या संध्याकाळी तो भुसावळला गेला. तिथे ब्रह्मदेशातून परतलेली पुष्कळ माणसे होती. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या खानसाम्याला त्याने एकच प्रश्न विचारला आणि उत्तर मिळताच पुढच्या गाडीने परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शेठ आणि अक्का यांना वखारीच्या पेढीत बसवले. खोलीला दार एकच. भागाबाई बाहेर कडुलिंबाखाली होती आणि या वेळी जमना तिच्या मांडीवर होती. नूर महंमद स्वतः तिला घेऊन आला होता.

"एक मिनिट," म्हणून तो बाहेर गेला. लोटनने दाराच्या वर दोरी ओढली आणि ते जांभळे वस्त्र तिच्यावर टाकले.

"अक्का, बाहेर या."

अक्का पदर सावरत, वस्त्राखालून वाकून बाहेर आली.

"आता शेठ, तुम्ही."

रुपचंदशेठ उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. त्याने वर पाहिले.

"तो कपडा काढा."

"का?"

"काढा म्हणतो ना!"

"लोटनच्या टोपीला तो लागला, मी त्याखालून गेलो, अक्का आत्ता आल्या. कुणाला काही झालं नाही. तुम्हाला काय होईल?"

शेठ एक पाऊल मागे सरला. तो बाहेर आला नाही.

"मीच सांगतो," नूर महंमद म्हणाला. "त्या देशात बाईचं कमरेखालचं वस्त्र पुरुषाच्या डोक्यावर येऊ देत नाहीत. त्याखालून गेला तर पुरुषाचं तेज जातं, असं मानतात. बायका ते खाली, आडबाजूला वाळवतात. लहानपणापासून. अर्धं आयुष्य तिथे काढल्यावर ते तुमच्याही अंगात भिनलं. काल तुम्ही वाट सोडून चिखलात उतरलात. मला वाटलं, सोवळं. पण सोवळ्याचा माणूस माझ्या तबकातला चहा घेत नाही."

"यात गुन्हा कसला?"

"यात नाही. मा न्यो आपलं वस्त्र गोठ्यामागे, गुडघ्याइतक्या सुतळीवर वाळवायची. सुतळीला त्याचा रंग लागलाय. चिंधाने गाठोडं डोक्यावर घेतलं तर ती रडली. ती बाई हे वस्त्र येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांच्या डोक्यावर टांगेल? मरण आलं तरी नाही. ते इथे दिसताक्षणी तुम्ही ओळखलंत की हे तिने टांगलेलं नाही. तुमच्या पायांनी ओळखलं. तोंडाने मात्र सांगितलंत, या डोळ्यांनी तिला वाळत घालताना पाहिलं."

तो अक्काकडे वळला. "टांगलं कुणी, अक्का?"

अक्काने वर त्या वस्त्राकडे पाहिले. "तिने सुतळी बांधली ती माझ्यामुळे, असं मला वाटायचं. मीच बजावलं होतं, घरच्या धुण्यात तुझं मिसळू नको."

"म्हणूनच चुकलात. ती तुमचं ऐकत होती असं तुम्हाला वाटलं. ती तिच्या आईचं ऐकत होती."

"मन्हा भाऊ शे तो, साहेब!" अक्का एकदम ओरडली. शुद्ध बोलण्याचा तिचा सगळा प्रयत्न गळून पडला. "त्यानी सांगं, बाई रातले पळी गई, लोकं आपलाच तोंडले काळं फाशीत. सांग का सकाळले व्हती. मी भिजेल धुनं देखं आणि सगळासले दिसाले पायजे म्हनीसन वर टाकी दिधं. माले दुसरं काय माहीत नही. जमनानी आन!"

"माहीत नव्हतं हे खरं असेल. पण रविवारपासून पोर तुमच्याजवळ निजते हे तुम्हीच सांगितलंत. बाई सोमवारी सकाळपर्यंत होती, तर रविवारी पोर तुमच्या कुशीत कशाला येईल? मा न्यो रविवारी संध्याकाळीच गेली होती. आणि पळून गेली नव्हती. तनाखाचा तुकडा मागे ठेवून ती कुठेही गेली नसती. तो मुलीने उचलून धाब्यावर नेला. चिंधाचं भूत म्हणजे जमना. ती मा न्योचा चेहरा लावून तिची वाट बघत होती."

"मग ती कुठे आहे?" दुरून भागाबाईने विचारले.

नूर महंमदने भुसा साठवायच्या खड्ड्याकडे पाहिले. दोन करवत्ये तिथे फावडी घेऊन उभे होते.

"गोरगरिबांचा भुसा रुपचंदशेठनी सोमवारपासून बंद केला," तो म्हणाला आणि त्याने करवत्यांना मानेने खूण केली.

फार उपसावे लागले नाही. आधी हात दिसला.

लोटनने टोपी काढली. जमनाचे तोंड भागाबाईने आधीच पदराखाली घेतले होते. पंच खड्ड्यात उतरले तेव्हा प्रेताच्या कमरेच्या कापडात बांधलेले वाळेही सापडले. ते तिथे ठेवणाऱ्याला वाटले असावे की दोन्ही गोष्टी एकदमच नाहीशा होतील.

रुपचंदशेठ उंबऱ्याच्या आतच खाली बसला होता. वस्त्र त्याच्या डोक्यावर हलत होते. आता त्याला त्याचे भान नव्हते.

"तिथे सगळेच सोडत होते, साहेब," तो म्हणाला. "रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली. कुणाची आई, कुणाचा भाऊ. द्रुपदाला उभं राहवत नव्हतं. पुढच्या घाटाशी ट्रक निघणार होता. मी म्हणालो, डोली पाठवतो."

"पाठवलीत?"

शेठ जोड्यावरचा वाळलेला चिखल नखाने खरवडू लागला.

"मैनाने इतके महिने तोंड उघडलं नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, विसरली. मग अक्का म्हणाली, ती म्हातारीला काहीतरी सांगते आहे, आणि म्हातारी पुन्हा येणार आहे. मी तिला वखारीत बोलावलं. समजावलं. ती नुसती तो हात करून दाखवत राहिली. सारखा तोच हात. मला तो थांबवायचा होता. एवढंच."

"ती विसरली नव्हती. तिच्याजवळ शब्द नव्हते. या घराने तिला पाणी, दूध, भांडी, ऊठ, नीज, एवढेच शब्द दिले. कामापुरते. बाकीचे जमनाजवळ होते, म्हणून जमनाही उद्या धुळ्याला जाणार होती."

लोटन पंचनामा लिहायला बसला. "मयत बाई नामे मैना," तो पुटपुटला.

"खोड ते," नूर महंमद म्हणाला. "मा न्यो लिही."

दुपारी उशिरा टांगा आला. जमना आजीच्या खांद्यावर झोपली होती. गालांवर लेपाच्या खुणा अजून होत्या. भागाबाईने त्या पुसल्या नव्हत्या. सहाण आणि उरलेला तुकडा तिने लाडवांच्या पुडीबरोबर पदरात बांधून घेतला होता.

चढता चढता ती थांबली.

"साहेब, एक सांगा. पोरीले नही विचारत मी." तिने मोकळा हात समोर धरला, पण बोटे हलवली नाहीत. "माही लेक हात हालवे, ते जा म्हने, का ये म्हने?"

नूर महंमदला चिंधा आठवला. माले बलावस, साहेब. त्याला धाब्यावरची ती बोटे आठवली, आत मिटणारी.

"जा म्हणत होती," तो म्हणाला. "पोरीला घेऊन जा, असं."

भागाबाई त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या गालावर कालची पांढरी रेघ पुरती गेली नव्हती.

"खोटं बोलता येत नही तुमले," ती म्हणाली आणि टांग्यात बसली.

टांगा फैजपूरच्या रस्त्याला लागला. धूळ उठली. हादऱ्याने जमना जागी झाली असावी. मागच्या बाजूने एक लहान हात बाहेर आला. तळवा खाली. बोटे मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"साहेब!" मागून लोटनने हाक मारली. "साहेब, कुठे निघालात?"

तेव्हा नूर महंमदला कळले की तो टांग्याच्या मागे चालू लागला होता.